मुळे आणि नंतर

कुणी गेल्याची बातमी कळली की आपला पहिला प्रश्न असतो, "कशानं गेले?" उत्तरंही ठरलेली असतात. तापानं गेले. अटॅकनं गेले. बाळंतपणात गेली. पोराच्या मागोमाग गेली. हाय खाऊन गेला. ऐकणारा मान हलवतो, दुआ करतो, विषय पुढे सरकतो.

ही सगळी उत्तरं एका जातीची नाहीत. ‘तापानं’मधला ‘नं’ सरळ कारणावर बोट ठेवतो. ‘बाळंतपणात’मधला ‘त’ फक्त केव्हा ते सांगतो. रक्तस्रावानं, झटक्यांनी की जंतुसंसर्गानं, ते सांगत नाही. ‘मागोमाग’मध्ये तर निव्वळ क्रम आहे. आधी हे, मग ते. पण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला त्यात कारणच ऐकू येतं. आपल्या बोलण्यात ‘नंतर’ हळूच ‘मुळे’च्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मला वाटतं, कारण माझी रोजीरोटी त्यावर आहे. नवी मुंबईत मी रुग्णालयांच्या नोंदी तपासायचं काम करते. डॉक्टरांनी भराभरा लिहिलेलं निदान संगणकाला कळेल अशा क्रमांकांत बसलं आहे की नाही, हे बघायचं. पेणहून जाऊन-येऊन करते. (महामार्गाबद्दल लिहिणार नाही, तो स्वतंत्र आजार आहे.) या कामात ज्या दोन व्यवस्थांशी रोज गाठ पडते त्यांची नावं आयसीडी आणि स्नोमेड सीटी. लोक दोन्हींना सरसकट ‘कोड’ म्हणतात. पण दोघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

आयसीडी ही मोजणीची वही. तिचं मूळ १८९३ सालच्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं ती केली होती. मोजायचं असेल तर एक माणूस एकाच रकान्यात पडला पाहिजे, नाहीतर बेरीज चुकते. म्हणून दहाव्या आयसीडीत प्रत्येक आजाराला एकच घर आहे. फुप्फुसाचा क्षयरोग संसर्गाच्या प्रकरणात राहतो, श्वसनाच्या प्रकरणात नाही. फुप्फुसाच्या आजारांचा हिशेब काढायला तुम्ही फक्त श्वसनाचं प्रकरण उघडलंत, तर क्षयाचे रुग्ण तिथे सापडायचे नाहीत.

स्नोमेडचा जन्म मोजणीतून झाला नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या विकृतिशास्त्रज्ञांच्या संस्थेनं आपल्या कामापुरती एक शब्दसूची केली, ती वाढत गेली. तिकडे इंग्लंडमध्ये जेम्स रीड नावाच्या एका जनरल प्रॅक्टिशनरनं दवाखान्यातल्या नोंदींसाठी कोड तयार केले, ते तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं उचलले. २००२ साली हे दोन प्रवाह एक झाले आणि स्नोमेड सीटी तयार झाली. आज तिच्यात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत. भारत २०१४ साली तिच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सभासद झाला. तिचं आपल्याकडचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सीडॅकमध्ये आहे. देशातल्या कुठल्याही दवाखान्याला ती फुकट वापरता येते. किती दवाखाने वापरतात, हा प्रश्न मला विचारू नका.

साडेतीन लाख नावं जमवणं तसं अवघड नाही. कोणताही जाडजूड शब्दकोश ते करतो. स्नोमेडचं खरं काम नात्यांमध्ये आहे. कोण कोणाचं काय लागतं, हे तिथे प्रत्येक संकल्पनेपुढे लिहून ठेवावं लागतं. आणि नातं हीसुद्धा तिथे एक संकल्पनाच, तिलाही क्रमांक. सगळ्यांत मोठं नातं म्हणजे ‘हा त्याचा एक प्रकार आहे’. त्याचा क्रमांक ११६६८०००३. न्यूमोनिया हा फुप्फुसाच्या आजाराचा एक प्रकार आहे, अमॉक्सिसिलिन हा पेनिसिलिनचा एक प्रकार आहे, असं.

हे दुसरं उदाहरण उगाच दिलेलं नाही. माझ्या खालाला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे. तरुणपणी एका इंजेक्शननं तिचा जीव जाता जाता राहिला. तेव्हापासून तिच्या बटव्यात एक चिठ्ठी असते, ‘पेनिसिलिन देऊ नये’. आता दुकानात पेनिसिलिन या नावानं कोण काय मागतं? डॉक्टर ऑगमेंटिन लिहितात. ऑगमेंटिनमध्ये अमॉक्सिसिलिन आहे आणि अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या घराण्यातलं. ही साखळी डॉक्टरच्या डोक्यात असते, पण रात्री दोन वाजता, पन्नासाव्या पेशंटला, ती डोक्यातून निसटू शकते. संगणकाला मात्र ‘ऑगमेंटिन’ आणि ‘पेनिसिलिन’ या दोन शब्दांत काहीच साम्य दिसत नाही. त्याला कुणीतरी नातं सांगावं लागतं. आपल्याकडे एकाच औषधाची शेकड्यांनी ब्रँडनावं. पुण्याच्या केंद्रानं भारतातल्या ब्रँडना त्यांच्या मूळ औषधांशी जोडणारी यादी काढली, ती याच साठी. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत उपयोगी काम तेच.

आता एक गोष्ट दहाव्या आयसीडीत चालत नाही आणि स्नोमेडमध्ये चालते. एका संकल्पनेला दोन आई-बाप असू शकतात. विषाणूजन्य न्यूमोनिया एकाच वेळी संसर्गजन्य रोगही असतो आणि फुप्फुसाचा रोगही. दोन्ही घरांत त्याला हक्कानं जेवायला मिळतं. हे शिकवताना आमच्या ट्रेनिंगमधली बाई फळ्यावर बाण काढून दमली होती. मला बाणांची गरज नव्हती. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाचं लग्न माझ्या आईच्या धाकट्या बहिणीशी झालेलं. तेव्हा ते माझे चाचाही आणि खालूही. दादीच्या घरी गेलं की ती म्हणायची, चाचाला सलाम कर. नानीच्या घरी तोच माणूस समोर बसलेला, आणि नानी म्हणायची, खालूंना सलाम कर. आम्ही पोरं दोनदा सलाम करायचो आणि दोनदा ईदी मागायचो. कोकणातल्या बऱ्याच मुसलमान घरांत असं एखादं दुहेरी नातं सापडतंच. मी त्यांना शेवटपर्यंत खालूच म्हणत आले.

तर हे दोन आई-बाप कुणी हातानं चिकटवत नाही. प्रत्येक आजाराची व्याख्या काही ठरावीक नात्यांनी बांधलेली असते. कुठे आहे, म्हणजे शरीरातली जागा. काय बदल झाला आहे, म्हणजे सूज, गाठ, झीज. कशानं झाला, म्हणजे जंतू, विष, औषध. विषाणूजन्य न्यूमोनिया म्हणजे जागा फुप्फुस, बदल दाह, कारक विषाणू. एवढं सांगितलं की पुढचं काम तर्कानं चालणारा प्रोग्राम करतो. ज्याचा कारक विषाणू तो विषाणूजन्य रोगांत, ज्याची जागा फुप्फुस तो फुप्फुसाच्या रोगांत. नवा विषाणू आला तरी व्याख्या नीट लिहिली की तो आपोआप योग्य घरांत जाऊन बसतो. २०२० साली कोविडचं तसंच झालं. कारक म्हणून नव्या कोरोना विषाणूचं नाव लिहिलं की आजार कोरोनाच्या कुटुंबात दाखल.

जागेचं नातं सोपं वाटतं. नाही. मराठीत ‘पाय दुखतो’ म्हणजे नेमकं काय? मांडीपासून अंगठ्यापर्यंत सगळाच आपला पाय. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे आहेत आणि डॉक्टर इंग्रजीत लिहितो. मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली असं घरचे सांगतात, तेव्हा ती पोटरीला आहे की तळपायाला, यावर पुढचा उपचार ठरतो. हाताचंही तेच, खांद्यापासून नखापर्यंत हातच. शिवाय ‘प्रकार’ आणि ‘भाग’ यांचा घोळ. बोट हा हाताचा प्रकार नाही, भाग आहे. पण बोटाचा फ्रॅक्चर हा हाताचा फ्रॅक्चर आहे, तिथे मात्र ‘प्रकार’ चालतो. स्नोमेडनं यावर तोड काढली. ‘संपूर्ण हात’ ही एक संकल्पना, आणि ‘हात किंवा त्याचा कोणताही भाग’ ही तिच्यावरची दुसरी. आजाराची जागा सांगताना सहसा ही दुसरी वापरायची. वाचताना किचकट वाटेल, पण आपण बोलताना हेच करतो. "हात मोडला" म्हणणाऱ्याचा अख्खा हात मोडलेला नसतो.

आपली जुनी रोगनावंही अशीच नाती सांगत होती, फक्त वेगळी. धनुर्वात, अर्धांगवात, आमवात, संधिवात. आपल्या शब्दांत ही सगळी एका घरातली भावंडं, बाप वात. अंगावरून वारं गेलं, असं आपण आजही म्हणतो. स्नोमेडमध्ये हे घर फुटलं आहे. धनुर्वात जंतूच्या नावावर संसर्गजन्य रोगांत गेला, अर्धांग मज्जासंस्थेकडे, संधिवात सांध्यांकडे. भावंडांना एकमेकांची ओळखही उरली नाही. मला याचं फार दुःख नाही. धनुर्वाताची लस निघाली ती जंतू कळल्यावर, वारा कळल्यावर नव्हे. पण जुन्या माणसानं "वाताचं दुखणं" म्हटलं की तो अडाणी आहे असं समजणारे नवे डॉक्टर मी पाहते, तेव्हा राग येतो. तो एका वर्गीकरणातून बोलत असतो, इतकंच.

युनानीचंही असंच. १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेनं अकराव्या आयसीडीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्यासाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला. आमच्या लहानपणी घरात बलगम आणि सफरा हे शब्द सर्दी-तापासारखे फिरत असत, ते आता जिनिव्हाच्या पुस्तकात जाऊन बसले याची गंमत वाटली. पण युनानीतला ‘जीक-उन-नफस’ हा शब्द घ्या. कोशात त्याच्यापुढे दमा लिहिलेलं असतं. शब्दाचा अर्थ मात्र श्वासाचा कोंडमारा. हृदय कमजोर झालेल्या माणसालाही तो होतो. एका व्यवस्थेतला शब्द दुसरीशी जोडताना ‘बरोबर तेच’, ‘त्याहून व्यापक’ आणि ‘जवळपास’ या तीन नात्यांतलं कोणतं, हे लिहिल्याशिवाय जोडणं म्हणजे नुसता दोरा बांधणं.

एवढं सगळं सांगितलं ते ज्या नात्यासाठी, तिकडे येते.

स्नोमेडमध्ये ‘संबंधित’ असं एक सैल नातं आहे. कुणाशी तरी काहीतरी संबंध आहे, इतकंच ते सांगतं. त्याच्या पोटात घट्ट नाती आहेत. त्यांतली दोन, ‘मुळे’ आणि ‘नंतर’. ‘मुळे’ लावायचं तर पहिल्यानं दुसरं घडवलं, असं तुम्ही म्हणत आहात. ‘नंतर’ लावलं तर फक्त क्रम सांगताय, कारणाची हमी देत नाही. मधुमेही माणसाचा मोतीबिंदू आणि मधुमेहामुळे झालेला मोतीबिंदू या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरनं कागदावर नुसतं ‘मधुमेह, मोतीबिंदू’ असं लिहिलं असेल तर मधला शब्द आपण आपल्या मनानं भरायचा नाही, हे या कामात पहिल्या दिवशी बजावतात.

२०२१ साली या मधल्या शब्दाची किंमत पन्नास हजार रुपये झाली.

त्या वर्षी १४ एप्रिलला पहिला रोजा होता. खालूंचा कोविडचा रिपोर्ट त्याच दिवशी आला. खालू एसटीत होते, निवृत्तीनंतर रामवाडीतच राहिले. साखरेचा आजार जुना. पंधरा दिवस रुग्णालयात काढून घरी आले, दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह. घरी आले म्हणजे पलंगावर आले. संडासपर्यंत गेले तरी धाप लागायची. ऑक्सिजनचं सिलिंडर उशाशी. २७व्या रोज्याला पहाटे छातीत कळ आली, दुसऱ्या एका खासगी रुग्णालयात नेलं, चार तासांत संपलं. सव्वीस दिवस झाले होते.

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४ भरतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ सालचा, त्याखालचा हा कागद. घरी मृत्यू झाला तर नमुना ४अ. हा कागद मी नोकरीत कितीतरी वेळा पाहिला होता, आणि माझ्या मते सरकारी छापील कागदांत इतका विचारपूर्वक केलेला कागद क्वचित सापडेल. पहिल्या भागात तीन ओळी. वरच्या ओळीत मृत्यूचं तात्कालिक कारण. तिच्याखाली ‘यामुळे’, मग दुसरी ओळ. तिच्याखाली पुन्हा ‘यामुळे’, मग तिसरी. म्हणजे डॉक्टरला एक एक पायरी उतरत मूळ कारणापर्यंत जावंच लागतं. दुसऱ्या भागात इतर आजार, ज्यांनी हातभार लावला पण जे या साखळीत नाहीत. आणि वरच्या ओळीपाशी छापूनच ठेवलं आहे की मरण्याची पद्धत लिहू नका, म्हणजे हृदय बंद पडणं, अशक्तपणा वगैरे. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं.

खालूंच्या कागदावर वरच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की हृदय आणि श्वास थांबला. खालच्या दोन्ही ओळी कोऱ्या. दुसऱ्या भागात मधुमेह. कोविड कुठेच नाही.

त्या डॉक्टरनं खालूंना चार तास पाहिलं होतं, मे महिन्यात, बाहेर रांग लागलेली असताना. जुने कागद बघायला त्याला वेळ मिळाला नसेल. पण त्या दोन कोऱ्या ओळींनी खालूंचे सव्वीस दिवस पुसले गेले. आकडेवारीत ते आता अचानक हृदय थांबलेले एक गृहस्थ होते.

त्यात आणखी एक भर. कुटुंबाच्या हाती नगरपालिकेतून जो मृत्यूचा दाखला येतो, त्यावर तेव्हा कारण नसायचंच. कायद्यानंच ते द्यायची मनाई होती. डॉक्टरच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची, हा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं आला. आम्ही नमुना ४ची झेरॉक्स मागून घेतली ती मी या कामात असल्यामुळे.

३० जून २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोविडनं गेलेल्यांच्या घरच्यांना मदत द्या आणि दाखल्याची पद्धत सोपी करा. ३ सप्टेंबरला केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. तपासणी किंवा निदान झाल्यापासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल, मग तो रुग्णालयाबाहेर का होईना, तर तो कोविडमुळे धरायचा. ऑक्टोबरात पन्नास हजारांची रक्कम मंजूर झाली. ज्यांच्या कागदावर कारण नाही किंवा पटत नाही, त्यांच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात समिती.

मी ते वाचलं तेव्हा आधी नोकरीच्या डोळ्यांनी वाचलं. सरकारनं ‘नंतर’ला ‘मुळे’ करायचा एक फॉर्म्युला ठरवला होता: तीस दिवस. पहिल्या मसुद्यात आत्महत्या वगळल्या होत्या. कोविड झालेल्या माणसानं पाचव्या दिवशी गळफास घेतला तर ते कोविड‘नंतर’, ‘मुळे’ नाही. न्यायालयानं त्यावर पुन्हा विचार करायला सांगितलं आणि तीस दिवसांच्या आतल्या आत्महत्याही मदतीला पात्र ठरल्या. एका नात्याची व्याख्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बदलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

खालूंचा मुलगा अर्ज करायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, अब्बांचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, कागदावर हार्ट आहे, आपण पैशासाठी खोटं का लिहायचं? त्याचा मुद्दा हलका नव्हता. मी त्याला नमुना ४ पुढे ठेवून पायऱ्या उतरायला लावल्या. हृदय का थांबलं? श्वास पुरत नव्हता म्हणून. श्वास का पुरत नव्हता? फुप्फुसं खराब झाली म्हणून. ती कशानं? तो गप्प बसला.

खालाचा प्रश्न निराळाच होता. तिला पन्नास हजारांशी घेणंदेणं नव्हतं. वबामध्ये, साथीच्या आजारात जाणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. हदीसमध्ये तशी यादीच आहे: साथीच्या रोगानं गेलेला, पोटाच्या विकारानं गेलेला, बुडालेला, पडक्या भिंतीखाली सापडलेला. (मृत्यूच्या कारणांच्या याद्या करणारे बर्तियों पहिले नव्हेत.) त्या उन्हाळ्यात, जेव्हा जनाज्याला मोजकी माणसं आणि चेहरा बघायची परवानगी नाही, अशा दिवसांत या एका गोष्टीनं किती घरांना धरून ठेवलं असेल. खाला मला म्हणाली, "तू त्या कागदांतलं समजतेस ना? मग सांग. रिपोर्ट निगेटिव्ह झाल्यावर गेले. वबात धरतील का त्यांना?"

मी म्हटलं, "खाला, हे माझ्या खात्यात येत नाही."

तिनं मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना विचारलं. त्यांनी दिवस मोजले नाहीत, रिपोर्ट विचारला नाही. एवढंच विचारलं, "मधे बरे झाले होते का? उठून हिंडूफिरू लागले होते?" खाला म्हणाली, "नाही, पलंगावरून उठलेच नाहीत." "मग त्याच आजारात गेले," ते म्हणाले.

मी हे ऐकलं आणि घरी येऊन एक जुनी फाइल उघडली. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०२० मध्ये मृत्यूचं कारण लिहिण्याबद्दल सूचना काढल्या होत्या. त्यात कोविडमुळे झालेल्या मृत्यूची व्याख्या आहे. तीत दिवसांची मर्यादा नाही. अट अशी की आजार आणि मृत्यू यांच्या मधे पूर्ण बरं होण्याचा काळ नसावा, आणि अपघातासारखं दुसरं उघड कारण नसावं. मौलवीसाहेबांनी ती सूचना वाचली असण्याची शक्यता शून्य. पण आजारी माणसाजवळ बसलेल्या कुणालाही सुचेल अशीच ती कसोटी आहे. तीस दिवसांचा नियम कचेरीला सोपा, कारण तारखा वजा करता येतात. ‘बरे झाले होते का’ हे मात्र कुणाला तरी विचारावं लागतं.

खालूंचे सव्वीस दिवस होते म्हणून दोन्ही कसोट्यांत ते बसले. त्याच गल्लीतल्या एक बाई सातव्या आठवड्यात घरीच गेल्या, त्याही पलंगावरून उठल्या नव्हत्या. त्या एका कसोटीत बसतात, दुसरीत नाही. त्यांच्या घरच्यांनी अर्ज केला नाही. मी त्यांना करा म्हणायला गेले होते. त्यांच्या नवऱ्यानं चहा दिला आणि विषय बदलला.

आमचा अर्ज वर्षअखेरीला ऑनलाइन गेला. जुने रिपोर्ट, पहिल्या रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद, त्या सिलिंडरची पावती, सगळं जोडलं. पैसे आले. खालानं त्यातून खालूंच्या नावानं मशिदीत पाण्याचा कूलर बसवला, उरलेले मुलाकडे दिले. अर्ज मंजूर झाला म्हणून नमुना ४ बदलला असं मात्र नाही. त्या दोन ओळी अजून कोऱ्याच आहेत. मदतीच्या यादीत खालू एका कारणानं गेले आहेत, त्या कागदावर दुसऱ्या.

आणि खुद्द खालाला विचारलंत तर तिचं तिसरंच. एप्रिलच्या शेवटी खालूंचा डेपोतला चाळीस वर्षांचा दोस्त गेला, खालूंना मातीला जाता आलं नाही. ते रुग्णालयातल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "त्यांनी हाय खाल्ली," ती म्हणते. अतिदुःखानं हृदयाचा आकार काही काळ बदलतो, असा एक खरा आजार आहे. जपानी डॉक्टरांनी त्याला ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचं नाव दिलं, ताकोत्सुबो. स्नोमेडमध्ये तो आहे. खालूंना तो होता असं मी म्हणत नाही, कुणी तपासलंच नव्हतं. पण खाला तसं म्हणाली की मी ‘मुळे की नंतर’ विचारत नाही.

मागच्या महिन्यात तिला घेऊन एका दवाखान्यात गेले होते. तिथे आता सगळं संगणकावर. टेबलावरच्या मुलानं आरोग्य खात्याचा नंबर घेतला आणि प्रश्न विचारायला लागला. "काही अॅलर्जी?" खालानं बटव्यातून चिठ्ठी काढली. त्यानं ‘पेनिसिलिन’ टाइप केलं. खालची यादी उघडली, त्यानं त्यातून बरोबर ओळ निवडली. मी वाकून बघत होते. नुसता शब्द न लिहिता त्यानं संकल्पना निवडली म्हणजे उद्या कुणी तिला ऑगमेंटिन लिहिलं तर पडद्यावर लाल काहीतरी दिसण्याची निदान शक्यता आहे.

"फॅमिलीत कुणाला डायबेटिस?"

हा प्रश्न मला आवडतो. ‘कुटुंबात मधुमेहाचा इतिहास’ ही स्नोमेडमध्ये मधुमेहाची जात नाही, वेगळ्याच घरातली संकल्पना आहे. आजार मधुमेह, पण तो कुणाला, तर रुग्णाच्या नात्यातल्या माणसाला. हे वेगळं ठेवलं नाही तर डायबेटिसचे पेशंट शोधताना पेशंटच्या मुलीही यादीत यायच्या.

"मिस्टरांना होता," खाला म्हणाली.

"मिस्टर चालत नाहीत मावशी," मुलगा म्हणाला. "रक्ताच्या नात्यातलं पाहिजे. आई, वडील, भाऊ, बहीण, असं."

खालानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अरे, ते माझे आतेभाऊच होते."

मुलानं माउस सोडला आणि यादी वरून खाली, खालून वर बघायला लागला.